पांढरकवड्याची लढाई : पेशव्यांची अखेरची मोहीम

१७ एप्रिल १८१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या परिसरात, शिवणी या गावाजवळ, दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या फौजेची इंग्रजांशी गाठ पडली. खडकी, येरवडा, कोरेगाव आणि आष्टी या लढायांच्या मानाने ही चकमक लहान होती. मात्र पेशव्याजवळ उरलेला तोफखाना इथेच गेला, फौजेचा मोठा भाग इथूनच फुटला आणि नागपूरच्या भोसल्यांशी हात मिळवण्याचा बेतही इथेच संपला. पुढे सात आठवड्यांच्या आत बाजीरावाने जनरल माल्कमच्या स्वाधीन होऊन पेशवेपद सोडले. तिसऱ्या इंग्रज–मराठा युद्धाच्या नकाशावर यवतमाळचे स्थान या एका दिवसामुळे ठरले. इंग्रजी कागदांत ही लढाई ‘सिवनी’ या नावाने आढळते. मध्य प्रदेशातील सिवनी शहराशी तिचा संबंध नाही.

दोन नद्यांमधला मुलूख

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व आणि ईशान्य कडेने वर्धा नदी वाहते, तर दक्षिण कडेने पैनगंगा. वणी तालुक्यात जुगादजवळ पैनगंगा वर्धेला मिळते. त्यामुळे वणी, मारेगाव, केळापूर आणि झरी हा जिल्ह्याचा पूर्व भाग दोन नद्यांच्या बेचक्यात येतो. वर्धेपलीकडे उत्तरेला हिंगणघाट आणि पूर्वेला चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर. पैनगंगेपलीकडे आज तेलंगणातील आदिलाबाद. मधल्या पट्ट्यात काळी जमीन, सागवानाचे आणि बांबूचे जंगल, बेसाल्टच्या टेकड्या आणि त्यांच्यामधल्या अरुंद खोऱ्यांतून वाहणारे नाले आहेत.

उत्तरेकडून दक्षिणेत उतरणारी जुनी वाट याच भागातून जात असे. श्रीनगर–कन्याकुमारी राष्ट्रीय महामार्गही आज हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा आणि पाटणबोरी याच क्रमाने पैनगंगेकडे जातो. सरळ रेषेत मोजले तर पांढरकवड्याहून वणी सुमारे चाळीस किलोमीटर आणि चंद्रपूर सुमारे ऐंशी आहे. हिंगणघाट पासष्टच्या आसपास. घोडदळाला ही अंतरे एक ते दोन दिवसांची. म्हणून वणी आणि हिंगणघाट ही दोन ठिकाणे ज्याच्या हाती, त्याच्या हाती चांद्याची वाट, असा या मुलखाचा लष्करी हिशेब होता.

एप्रिलमध्ये इथले ऊन चाळीस अंशांच्या वर जाते. नाले कोरडे पडतात, नद्यांचे पात्र उताराचे होते आणि पाणी डोहांत आणि विहिरींत उरते. हजारो घोडी, उंट आणि बैल घेऊन चालणाऱ्या फौजेला अशा वेळी नदी ओलांडणे सोपे असते, पण पाण्याजवळून हलणे अवघड जाते. मुक्काम कुठे करायचा हे पाणी आणि वैरण ठरवतात, आणि पाणवठे कुठे आहेत हे शत्रूलाही ठाऊक असते.

कळंब, माहूर आणि चांदा

या मुलखाच्या लष्करी इतिहासात तीन ठाणी पुन्हा पुन्हा येतात : यवतमाळच्या पूर्वेचे कळंब, पैनगंगेपलीकडचे माहूर आणि वर्धेपलीकडचे चांदा. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५च्या सुमारास माहूर घेतले आणि कळंबवरही ताबा मिळवला. मोगलांनी १५९६मध्ये वऱ्हाड जिंकल्यावर सुभ्याची जी सरकारे, म्हणजे जिल्हे, पाडली, त्यांपैकी दोन कळंब आणि माहूर या नावांची होती. ‘ऐन-ए-अकबरी’त कळंबची नोंद प्राचीन शहर म्हणून आहे. तिथल्या म्हशी नामांकित असल्याचेही अबुल फझलने लिहिले आहे. शेजारच्या चांद्याच्या गोंड राजाकडे, बाबजीकडे, एक हजार घोडदळ आणि चाळीस हजार पायदळ असल्याची नोंद त्याच ग्रंथात आहे. आकड्यात अतिशयोक्ती असली तरी वर्धेच्या काठी मोगली अंमल सैल होता आणि जंगलापलीकडे दुसरी सत्ता होती, हे त्यातून कळते.

माहूरचा किल्ला डोंगरी आहे. पैनगंगेच्या वळणावर उभा असल्याने वऱ्हाडातून मराठवाड्यात जाणाऱ्या वाटेवर त्याची नजर राहते. चांदा हा त्याच्या उलट भुईकोट. इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमाजवळ गोंड राजांनी सुमारे अकरा किलोमीटर घेराचा दगडी तट बांधून संपूर्ण शहरच कोटात घेतले. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार मोठे दरवाजे. रघुजी भोसल्यांनी १७५१मध्ये गोंडांचे राज्य संपवले आणि चांदा नागपूरकरांच्या हाती गेले. थोरल्या माधवराव पेशव्याने १७६९मध्ये जानोजी भोसल्यांवर केलेल्या स्वारीत चांद्याला वेढा घातला, पण तो तडीस गेला नाही. पन्नास वर्षांनंतर त्याच घराण्यातल्या दुसऱ्या पेशव्याला हेच शहर आसरा म्हणून हवे झाले.

यवतमाळचा प्रदेश मराठेशाहीच्या काळात वऱ्हाडाच्या दुहेरी अंमलात होता. मालकी निजामाची, वसुलीत वाटा भोसल्यांचा. आडगाव आणि गाविलगडच्या पराभवांनंतर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांना सोडावा लागला. तो निजामाकडे गेला. निजाम इंग्रजांचा तैनाती मित्र असल्याने १८१८मध्ये वऱ्हाडातून जाणारी पेशव्याची फौज परक्या मुलखातून जात होती. रयत मराठी असली तरी ठाणी, कोठारे आणि वसूल तिच्या उपयोगाचे नव्हते.

पुण्याहून वऱ्हाडापर्यंत

१३ जून १८१७च्या पुणे तहाने मराठा मंडळाच्या प्रमुखपदावरचा हक्क बाजीरावाकडून काढून घेण्यात आला. पाच महिन्यांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीला लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या हाती पडले. तेव्हापासून बाजीरावाची मोहीम ही सतत चालण्याची मोहीम झाली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि त्यांचा परिवार त्याने बरोबर घेतला होता. मागे जनरल स्मिथ आणि जनरल प्रिट्झलर यांच्या फौजा होत्या. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी कॅप्टन स्टॉन्टनच्या तुकडीशी दिवसभर झुंज झाली, पण स्मिथ जवळ येत असल्याने पेशव्याची फौज तिथून हलली.

याच काळात इंग्रजांनी दोन कामे समांतर चालवली. एकीकडे हलकी फौज पेशव्याच्या मागे राहिली, दुसरीकडे वेढ्याच्या तोफा घेऊन निघालेल्या तुकड्या एकेक किल्ला घेत गेल्या. १० फेब्रुवारीला साताऱ्याचा किल्ला गेला. दुसऱ्याच दिवशी पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने जाहीरनामा काढला : पेशव्याचे राज्य संपले, साताऱ्याच्या महाराजांना स्वतंत्र मुलूख मिळेल, आणि जे जहागीरदार ठरलेल्या मुदतीत बाजीरावाला सोडतील त्यांच्या जहागिरी राहतील. या कागदाने जितके सरदार घरी परतले, तितके कुठल्याही एका लढाईने परतले नसते.

२० फेब्रुवारीला सोलापूरच्या बाजूला आष्टी येथे स्मिथने पेशव्याच्या तळावर छापा घातला. सेनापती बापू गोखले लढता लढता पडले. प्रतापसिंह महाराज इंग्रजांकडे गेले आणि एप्रिलमध्ये साताऱ्याच्या गादीवर बसवण्यात आले. बाजीरावाजवळ आता ना सेनापती उरला, ना छत्रपतींच्या नावाचा आधार. दक्षिणेतील पटवर्धन आदी सरदार एकेक करून वेगळे झाले. नवे आले ते उत्तरेकडचे आणि पूर्वेकडचे : होळकरांच्या फौजेतून फुटलेला रामदीन आणि नागपूरच्या लढाईनंतर निसटलेला भोसल्यांचा घोडदळाचा सरदार गणपतराव सुभेदार. नाशिक–कोपरगावच्या भागातून ही मिसळ फौज पूर्वेकडे वळली आणि मार्चअखेर वऱ्हाडात शिरली. तिचे तोंड चांद्याकडे होते.

चांद्याची ओढ

नागपुरात आप्पासाहेब भोसल्यांनी २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवरील इंग्रजी फौजेवर हल्ला केला होता. तो फसला. १६ डिसेंबरच्या दुसऱ्या लढाईत नागपूरची फौज मोडली आणि जानेवारीत आप्पासाहेबांना रेसिडेंट जेंकिन्सच्या अटींवर पुन्हा गादीवर बसवण्यात आले. वरकरणी शरणागती पत्करली असली तरी किल्लेदारांना किल्ले न सोडण्याचे निरोप जात होते आणि बाजीरावाशी पत्रव्यवहार चालू होता. बेत असा होता की पेशव्याने नागपूरच्या मुलखात यावे, आप्पासाहेबांनी चांद्याला निसटावे आणि तटबंदीच्या आडोशाने दोघांनी नव्याने उभे राहावे.

जागेची निवड चुकीची नव्हती. चांद्याचा कोट अकरा किलोमीटरचा, आत पाणी मुबलक, भोवती दाट जंगल. दक्षिणेला आणि पूर्वेला गोंड जमीनदारांचा दुर्गम मुलूख, म्हणजे कोट पडला तरी माघारीची वाट शिल्लक. पण जेंकिन्सला बेताचा सुगावा लागला. १५ मार्च १८१८ रोजी त्याने आप्पासाहेबांना नागपुरातच अटक केली. बाजीराव वऱ्हाडात पोचला तेव्हा ज्याला भेटायचे तो कैदेत होता. तरीही चांद्याचा किल्ला अजून भोसल्यांच्या किल्लेदाराच्या हाती होता आणि माघारी फिरावे तर मागे जनरल डव्हटनची फौज होती. त्यामुळे पेशवा पुढेच सरकत राहिला.

तीन बाजूंनी तीन फौजा

जेंकिन्सने नागपूरहून कर्नल स्कॉटला चांद्याच्या वाटेवर पाठवले. एप्रिलच्या पहिल्या दिवसांत गणपतराव सुभेदाराची आघाडी वणीपर्यंत आली होती. ३ एप्रिलला स्कॉटने तिला तिथून मागे रेटले. दोन दिवसांनी नर्मदेकडून निघालेला कर्नल अ‍ॅडम्स हिंगणघाटला पोचला. त्याच्या हाताखाली दक्षिणच्या फौजेची पाचवी डिव्हिजन होती. पश्चिमेकडून डव्हटन जालन्याची दुसरी डिव्हिजन घेऊन वऱ्हाडातून पुढे येत होता.

नकाशावर पाहिले तर पेशव्याची अवस्था अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी झाली होती. पूर्वेला वणीत स्कॉट, उत्तरेला हिंगणघाटला अ‍ॅडम्स, पश्चिमेला डव्हटन. उघडी दिशा एकच, दक्षिण, म्हणजे पैनगंगेपलीकडे निजामाचा मुलूख, आणि तिकडे गेले की चांदा हातचा जाणार. वर्धेला त्या दिवसांत पाणी थोडे होते. बाजीरावाची वाट नदीने अडवली नाही, नदीच्या उतारांवर आधी पोचलेल्या पलटणींनी अडवली.

सुमारे दोन आठवडे पेशव्याची फौज वणी आणि पांढरकवडा यांच्यामधल्या पट्ट्यात मुक्काम हलवत राहिली. मराठी घोडदळाची जुनी ताकद वेगात होती. शत्रू एका ठिकाणी पोचेपर्यंत दुसरीकडे उतरायचे, त्याची रसद तोडायची, त्याला दमवायचे. या मोहिमेत तो वेग उरला नव्हता. फौजेबरोबर तोफा, खजिन्याचे हत्ती आणि उंट, सरदारांचे कबिले आणि बाजारबुणगे होते. स्वारांचे पगार तुंबलेले होते आणि घोडी पाच महिन्यांच्या चालीने झडलेली. शिवाय इंग्रजांनीही घोडदळ आणि घोड्यांनी ओढायच्या हलक्या तोफा यांच्या स्वतंत्र तुकड्या बांधल्या होत्या. पायदळ मागून येई, ही तुकडी आधी भिडे.

दाणावैरणीचा प्रश्न दोन्ही बाजूंना होता, पण सारखा नव्हता. दख्खनमध्ये फौजांना धान्य पुरवण्याचे काम मुख्यतः बंजाऱ्यांचे तांडे करत. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते छावणीमागून चालत आणि रोख दामाने धान्य विकत. इंग्रजांजवळ जालना, नागपूर आणि हैदराबाद अशी कोठारे होती, तांड्यांना देण्याइतके रोख होते. पेशव्याजवळ कोठार नव्हते. फौज ज्या गावावरून जाई, त्या गावातून ती धान्य आणि वैरण उचले, आणि एकाच पट्ट्यात दोन आठवडे फिरल्यावर उचलण्यासारखे काही उरत नसे.

१७ एप्रिल

एप्रिलच्या मध्यावर डव्हटन पांढरकवड्याच्या जवळ आला. पेशव्याने तिथून तळ उठवला. त्याच वेळी अ‍ॅडम्स उत्तरेकडून त्याच्यावर चालून येत होता. दोघा इंग्रज सेनापतींच्या हालचालींचा मेळ असल्याने एकाला चुकवणे म्हणजे दुसऱ्याच्या वाटेवर जाणे, असे झाले. १७ तारखेला शिवणीजवळ अ‍ॅडम्सच्या आघाडीला पेशव्याच्या चालत्या फौजेचे तोंड भिडले.

अ‍ॅडम्सजवळ बंगाल फौजेतील घोडदळाची पाचवी रेजिमेंट, घोडतोफखाना आणि हलके पायदळ होते. पायदळाची वाट न पाहता त्याने घोडदळ आणि तोफा पुढे काढल्या. प्रथम पेशव्याची आघाडी मागे रेटली गेली. पुढे एका खोऱ्यात मुख्य फौज चालत असलेली दिसताच टेकडीच्या उतारावरून तोफा डागल्या गेल्या. खोरे अरुंद, माणसे आणि जनावरे दाटीने चाललेली, त्यामुळे छर्‍यांचा मारा नेमका लागू पडला आणि घोडदळाच्या हल्ल्याआधीच रांगा मोडल्या. उंचवट्यांमागून पुन्हा जमण्याचा प्रयत्न झाला, पण तोफा पुन्हा जवळ आणल्या गेल्या. शेवटी फौज जंगलात पांगली. दाट झाडीने पाठलाग थांबवला आणि त्याच झाडीने बाजीरावाला वाचवले. तो घोड्यावर बसून निसटला.

पाच तोफा, तीन हत्ती आणि सुमारे दोनशे उंट इंग्रजांच्या हाती लागले. पेशव्याजवळ उरलेल्या तोफा एवढ्याच होत्या. इंग्रजांकडचे दोन जण जखमी झाले. हा आकडाच लढाईचे स्वरूप सांगतो : समोरासमोर झुंज झालीच नाही. चालीवर असलेल्या, नेतृत्व नसलेल्या आणि बुणग्यांनी जड झालेल्या फौजेला अवचित गाठून मोडले गेले. आष्टीला बापू गोखल्यांनी मोजक्या स्वारांनिशी उलट हल्ला चढवून पेशव्याला निसटायला वेळ दिला होता. शिवणीला ते करणारे कोणी उरले नव्हते.

त्याच सुमारास डव्हटन पांढरकवड्यात दाखल झाला आणि पळणाऱ्या फौजेच्या मागे नैर्ऋत्येला, उमरखेडच्या दिशेने गेला. हे अंतर सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर. उन्हाच्या भरातला हा पाठलाग दोन्ही बाजूंना जड गेला, पण परिणाम एकतर्फी झाला. दर मुक्कामाला स्वार कमी होत गेले. कोणी आपापल्या गावांची वाट धरली, कोणी सरदारांसह इंग्रजांकडे कौल मागितला.

माघार केव्हा साधते

शत्रूला अंगावर घेऊन मागे हटत राहणे हा पराभवच असतो असे नाही. या लढाईच्या सहा वर्षे आधी रशियाने याच मार्गाने नेपोलियनला हरवले होते. १८१२च्या उन्हाळ्यात बार्कले दे तोली आणि नंतर कुतुझोव्ह यांनी रशियन फौज मागे मागे नेली. ७ सप्टेंबरला बोरोदिनोच्या मैदानावर एक मोठी लढाई दिली आणि मॉस्को सोडून दिले. नेपोलियन १४ सप्टेंबरला मॉस्कोत शिरला, तहाची वाट पाहत पाच आठवडे बसला आणि १९ ऑक्टोबरला उपाशी फौज घेऊन परत फिरला.

कुतुझोव्हची माघार आणि बाजीरावाची माघार यांतला फरक तारुतिनोच्या छावणीत दिसतो. मॉस्को सोडल्यावर कुतुझोव्ह शहराच्या नैर्ऋत्येला तारुतिनोला थांबला. त्यामुळे कालुगाची धान्यकोठारे आणि तुलाचा शस्त्रकारखाना त्याच्या पाठीशी राहिले. नवे सैनिक आणि घोडी येत राहिली. राजधानी गेली तरी राज्य, वसूल आणि भरती चालूच होती. बाजीरावाचे पुणे गेले तेव्हा वसुलीचे दप्तर, खजिन्याचा मोठा भाग आणि किल्ल्यांची साखळीही त्याच्या हातातून सुटत गेली. कुतुझोव्ह मागे जाताना त्याची फौज वाढत होती, बाजीरावाची घटत होती. रशियात पाठलाग करणारा आपल्या कोठारांपासून दूर गेला, महाराष्ट्रात पाठलाग करणाऱ्याची कोठारे चारही बाजूंना होती.

याच रशियन मोहिमेचा शेवट शिवणीच्या आधीच्या परिस्थितीशी अधिक जुळतो. नोव्हेंबर १८१२मध्ये परतणाऱ्या नेपोलियनला बेरेझिना नदीवर गाठण्यासाठी तीन रशियन फौजा येत होत्या : मागून कुतुझोव्ह, उत्तरेकडून विट्गेन्श्टाइन आणि समोर पलीकडच्या काठावर चिचागोव्ह. नेपोलियनने दक्षिणेकडे हूल दाखवून चिचागोव्हला तिकडे ओढले, उत्तरेला स्तुद्योंकाजवळ दोन पूल उभारले आणि २६ ते २९ नोव्हेंबरदरम्यान फौजेचा गाभा पार नेला. किंमत भयंकर पडली, हजारो माणसे मागे राहिली, तरी वेढा फुटला. नेपोलियनजवळ हुकूम मानणारी पिछाडी आणि पूल बांधणारे कसबी लोक शेवटपर्यंत होते. बाजीरावाला वर्धेवर पूल बांधण्याचीही गरज नव्हती. गरज होती ती स्कॉटच्या लहान तुकडीला वणीत गुंतवून ठेवून बाकीची फौज दुसऱ्या उतारावरून काढणाऱ्या सेनापतीची. तो सेनापती आष्टीला पडला होता.

लढाईनंतर

शिवणीनंतर मोहिमेचे दोन धागे वेगळे झाले. बाजीराव उमरखेडवरून वऱ्हाड ओलांडून उत्तरेला बुऱ्हाणपूर आणि अशीरगडाच्या बाजूला गेला. त्याचा भाऊ चिमाजीअप्पा वाटेत वेगळा होऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. पुढच्या वाटा नर्मदेवर अडवल्या गेल्या आणि ३ जून १८१८ रोजी बाजीरावाने माल्कमच्या अटी मान्य केल्या : गादीवरचा हक्क सोडायचा, दक्षिणेत परतायचे नाही, वर्षाला आठ लाख रुपये तनखा. त्याला कानपूरजवळ ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूरला ठेवण्यात आले आणि तिथेच १८५१मध्ये त्याचा मृत्यू झाला.

अ‍ॅडम्स पेशव्याच्या मागे न जाता चांद्याकडे वळला. ९ मेच्या सुमारास त्याची फौज कोटासमोर उतरली. तटाचा घेर मोठा असल्याने पूर्ण वेढा घालणे शक्य नव्हते, म्हणून एक जागा हेरून मोर्चे लावले आणि तटाला खिंडार पाडले. २० मे रोजी स्कॉटच्या तुकडीने खिंडारातून हल्ला केला. किल्लेदार गंगासिंग लढताना मारला गेला आणि शहर पडले. ज्या कोटात दोन फौजा एकत्र यायच्या होत्या, तो शिवणीनंतर पाच आठवडेही टिकला नाही. आप्पासाहेबांना अलाहाबादकडे नेत असताना मे महिन्यातच ते पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरात काही महिने लढले आणि अखेर जोधपूरच्या आश्रयाला गेले. १८४०मध्ये ते तिथेच वारले.

पैनगंगेच्या काठी मात्र शांतता लगेच आली नाही. उमरखेड, हदगाव आणि माहूरच्या पट्ट्यात हटकर नाईकांचा जोर होता आणि त्यांच्यात नोव्हसाजी नाईक प्रबळ होता. निजामाच्या अंमलाला त्याने वर्षानुवर्षे दाद दिली नव्हती. मेजर पिटमनच्या हाताखालील निजामाच्या फौजेने जानेवारी १८१९मध्ये हदगावजवळच्या नव्हा येथील त्याच्या गढीला वेढा घातला. आतल्या शिबंदीत अरब शिपाई मोठ्या संख्येने होते. ३१ जानेवारीला गढी हल्ल्याने घेण्यात आली. यवतमाळच्या दक्षिण सीमेवरची ही त्या काळातली एक मोठी लष्करी कारवाई.

स्मारके आणि खुणा

त्या युद्धाच्या ठळक खुणा यवतमाळच्या बाहेर आहेत. कोरेगाव भीमा येथे इंग्रजांनी उभारलेला स्तंभ आहे. नागपुरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाईनंतर किल्ला बांधला गेला आणि तो आजही लष्कराच्या ताब्यात आहे. चंद्रपूरचा तट, बुरूज आणि दरवाजे बऱ्याच अंशी उभे आहेत. माहूरचा किल्ला पैनगंगेकाठी आहे. शिवणीची लढाई खोऱ्याखोऱ्यांतून मैलोगणती सरकत गेलेली घोडदळाची लढाई होती. तिच्यात तट पडला नाही, मोर्चा खणला गेला नाही, त्यामुळे जमिनीवर वाचता येईल असे तिने थोडे मागे ठेवले. तिचा अभ्यास करायचा तर सेनापतींचे अहवाल, रेसिडेंटची पत्रे आणि जिल्ह्याचे गॅझेटियर यांच्याबरोबर त्या मुलखाचा नकाशा घ्यावा लागतो.

रणांगणाची आठवण जपायची की नाही, हे जिंकणाऱ्याच्या सोयीवरही अवलंबून असते. बोरोदिनोच्या मैदानावर रशियाने पलटणीपलटणीचे स्तंभ उभारले आणि १८१२च्या विजयाप्रीत्यर्थ मॉस्कोत ख्रिस्त तारणहाराचे भव्य कॅथेड्रल बांधले. इंग्रजांनी भारतात स्तंभ उभारले ते जिथे त्यांचे लोक मोठ्या संख्येने पडले आणि टिकून राहिले तिथे. दोन जखमींच्या लढाईला त्यांच्या लेखी स्तंभाचे कारण नव्हते, आणि हरलेल्या बाजूकडे स्तंभ उभारायला राज्यच उरले नव्हते.

यवतमाळचा मुलूख युद्धानंतर निजामाकडेच राहिला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी पुढे करून इंग्रजांनी १८५३च्या तहाने वऱ्हाड आपल्या व्यवस्थेखाली घेतला. १८६४मध्ये या भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याला वणीचे नाव मिळाले आणि १९०५मध्ये ते बदलून यवतमाळ झाले. पेशवा आणि नागपूरकर यांना जोडणारी जी वाट १८१८मध्ये स्कॉट आणि अ‍ॅडम्स यांनी वणी आणि हिंगणघाटला अडवली, ती पुढे कोणत्याही मराठी फौजेला वापरावी लागली नाही.